मोघम नाव

कचेरीत तिच्या पाठीमागे सगळे तिला नावाडीण म्हणत. होडीशी तिचा जन्मात कधी संबंध आला नव्हता, पोहताही येत नव्हतं. पण कुणाचा प्रोग्रॅम तपासायला तिच्याकडे आला की ती आधी नावं बघायची आणि मग काम. नाव जरा जरी सैल वाटलं, तरी तो प्रोग्रॅम आल्या पावली परत जायचा. खाली तिची एकच ओळ असायची: ही नेमकी कुठली चिप, तिचं पूर्ण नाव लिहा. नव्याने लागलेले लोक आधी चिडायचे, मग आपापसात नक्कल करून हसायचे, आणि वर्षभरात मुकाट्याने पूर्ण नावं लिहायला लागायचे. एवढा हट्ट कशापायी, हे तिने तिथे कधी कुणाला सांगितलं नाही.

घरात ती धाकटी. मोठी बहीण तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती. त्यानंतर तिच्या वेण्या घालण्यापासून ते परीक्षेच्या दिवशी पेन्सिलींना टोक करून देण्यापर्यंत सगळं मोठीनेच केलं. मोठी एका शाळेत शिवण शिकवायची. धाकटी मार्गी लागेपर्यंत तिने स्वतःच्या लग्नाचा विषय निघू दिला नाही, आणि नंतर केलं ते एका मुद्रितशोधकाशी. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा हा माणूस घरी आल्यावरही गप्प बसत नसे. औषधाच्या वेष्टनावर, बसच्या तिकिटावर, कुणाच्या दारावरच्या पाटीवर चूक दिसली की खिशातून पेन निघालंच. मोठी लाजेने चूर व्हायची आणि धाकटी पोट धरून हसायची. तिचं या भाऊजींशी फार जमायचं.

धाकटीचं काम घरात कुणाला धड सांगता येत नसे. ती कर्नलवर काम करायची. कर्नल म्हणजे संगणकाच्या, आणि पोटात छोटा संगणक असलेल्या यंत्राच्याही, अगदी तळाशी चालणारा, सगळ्यांचा भार वाहणारा प्रोग्रॅम. यंत्रातल्या प्रत्येक चिपशी कसं बोलायचं, हे कर्नलला एक छोटा प्रोग्रॅम शिकवतो. तो ड्रायव्हर. आणि यंत्र सुरू झालं की आपल्या अंगावर कुठल्या कुठल्या चिपा आहेत याची यादी ते कर्नलपुढे ठेवतं. यादीतलं नाव आणि ड्रायव्हरमधलं नाव जुळलं की दोघांची गाठ पडते. नाव जुळलं नाही, तर चिप तिथे असून नसल्यासारखी.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने तिचा पहिला मोठा ड्रायव्हर लिहिला. बॅटरीतून किती वीज गेली ते मोजणाऱ्या चिपेचा. ती चिप तीन प्रकारांत मिळायची, चारशे दहा, अकरा आणि बारा, आणि मोजण्याच्या बाबतीत तिघींत काडीचाही फरक नव्हता. तीन नावं कशाला लिहायची, म्हणून तिने शेवटच्या आकड्याच्या जागी एक्स घातला. एक्केचाळीस एक्स. त्यात सगळ्या आल्या. जगभरातले लोक ज्या पत्रयादीवर एकमेकांचं काम तपासतात, तिथे एका वयस्क माणसाने तिला विचारलं की उद्या याच घराण्यातली चौथी चिप आली आणि ती वेगळी निघाली तर काय करणार. त्या माणसाला सगळे आजोबा म्हणत. धाकटीने लिहिलं, आली तर बघू. मुदत संपत आली होती, आजोबांनीही मग ताणून धरलं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला.

तिने तो छापून भाऊजींना दाखवायला नेला होता. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी पेन काढून सगळी पानं वाचली आणि एका टिपेत शब्दाचं एक अक्षर चुकलेलं दाखवलं. तेवढ्या एका अक्षरासाठी तिने पुन्हा दुरुस्ती पाठवली आणि खाली लिहिलं, चूक दाखवल्याबद्दल भाऊजींचे आभार. त्यानंतर कितीतरी दिवस ते छापखान्यात सांगत फिरत की संगणकाच्या आतसुद्धा माझी एक दुरुस्ती आहे.

बारा-तेरा वर्षं गेली. भाऊजींच्या स्नायूंतली ताकद हळूहळू जायला लागली. आधी जिना चढताना, मग पेन धरताना, आणि शेवटी श्वास घेताना. डॉक्टरांनी श्वासाचं यंत्र घरी लावायला सांगितलं. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसणारी पांढरी पेटी, तिच्यातून निघालेली नळी आणि नाकावर मास्क. भाऊजींनी तिचं नाव भाडेकरू ठेवलं. रात्रंदिवस घोरतो आणि जागा सोडत नाही म्हणायचे. पुढे मास्क काढून तेवढं बोलणंही जड जायला लागलं. वीज गेली तर यंत्र बॅटरीवर दोन तास चालायचं, आणि किती वेळ उरला ते पडद्यावर दिसायचं. पंधरा मिनिटं राहिली की ते मोठ्याने वाजणार होतं. मोठीने खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगूनच ठेवलं होतं की तसा आवाज आला तर हातातलं टाकून ये, किल्ली तुझ्याकडे आहेच.

ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली. तारांचं काम होतं, बारापर्यंत येईल असं आधीच कळवलेलं होतं. साडेअकराला मोठीने पडद्याकडे पाहिलं. एक तास पंचवीस मिनिटं. दुपारच्या गोळ्या संपल्या होत्या आणि औषधांचं दुकान दहा मिनिटांवर होतं. तिने भाऊजींना विचारलं, त्यांनी डोळ्यांनी जा म्हटलं. दुकानात रांग होती. येताना कोपऱ्यावरच्या बाकावर ती थोडा वेळ टेकली. ऊन कोवळं होतं, कित्येक महिन्यांत ती अशी एकटी कुठे बसली नव्हती, आणि घड्याळात अजून भरपूर वेळ होता. बारा पंचविसाला तिने दार उघडलं तेव्हा घरात कसलाच आवाज नव्हता.

वीज अजून आलेली नव्हती आणि यंत्र बंद पडलेलं होतं. ते एकदाही वाजलं नव्हतं. शेजारीण सकाळपासून घरीच होती.

आल्यागेल्यांची वर्दळ ओसरल्यावर मोठीने धाकटीला यंत्राकडे बोट दाखवून म्हटलं, तू यातलंच काही करतेस ना, बघ तरी काय झालं ते. मग तिने बाकाचं सांगितलं. दुसऱ्या कुणाला तिने ते सांगितलेलं नव्हतं. ती खालच्या आवाजात, शिवणाचे टाके मोजावेत तशी म्हणाली, की मी बसले नसते तर पोचले असते.

धाकटीने यंत्र घरी आणलं, आपल्या संगणकाला जोडलं आणि त्याच्या पोटातल्या नोंदी काढल्या. शेवटची नोंद बारा वाजून चार मिनिटांची होती. त्यात उरलेला वेळ लिहिला होता एक तास आठ मिनिटं. म्हणजे यंत्र श्वास सोडून बंद पडत होतं त्या क्षणीही त्याला वाटत होतं की आपल्याकडे तासाभराहून जास्त आहे. ती नोंदी मागे मागे वाचत गेली, पार यंत्र सुरू होतानाच्या यादीपर्यंत. बॅटरी मोजणाऱ्या चिपेसमोर नाव होतं, एक्केचाळीस एक्स.

ते तिने लगेच ओळखलं नाही. म्हणजे डोळ्यांनी ओळखलं, मनाने घेतलं नाही. उठून ती पाणी प्यायली, भांडं तिथेच विसळून पालथं घातलं, आणि मग येऊन यंत्राचं झाकण उघडलं. चिपेवरची अक्षरं बारीक होती, भिंग लागलं. चारशे सतरा.

पुढचं समजायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर लिहिल्यानंतर सहा वर्षांनी बाजारात आलेली ही चिप. घराणं तेच, पण तिचं माप दुप्पट होतं. जुन्या चिपेने एक म्हटलं की एकच माप वीज गेलेली असायची, हिने एक म्हटलं की दोन मापं. यंत्र बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीतल्या माणसाने कर्नलमध्ये शोधलं असणार, त्याला एक्केचाळीस एक्स सापडलं असणार. एक्स म्हणजे कुठलाही आकडा, मग त्यात सातही आलाच. त्याने नाव लिहिलं, नाव जुळलं, पडद्यावर आकडा दिसला आणि तो कमीही होत होता. अर्ध्या वेगाने होत होता एवढंच. नाव जुळलं नसतं, तर पडदा कोराच राहिला असता आणि त्या माणसाला त्याच दिवशी कळलं असतं.

हे कळल्यापासून तिसऱ्या दिवशी तिने त्या कंपनीला पत्र पाठवलं. कंपनीने यंत्रं परत मागवायला सुरुवात केली, हे खरंच. पाचव्या दिवशी तिने पत्रयादीवर सगळं मांडलं. परक्यांना सांगणं सोपं गेलं. मोठीचा मात्र रोज चार वाजता फोन यायचा, आणि रोज ती फिरून फिरून बाकावर यायची. ऊन किती होतं, आपण किती मिनिटं बसलो असू, शेजारून कोण गेलं. धाकटी ऐकून घ्यायची. आपली खात्री व्हायला हवी, असं ती स्वतःला बजावायची. चारशे सतराची सुटी चिप मागवून तिने ती मोजून पाहिली, एकदा, दोनदा, चारदा. खात्री पहिल्याच दिवशी झालेली होती. मोठीला तोंड दाखवायची तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

बाराव्या दिवशी ती यंत्र परत घेऊन मोठीकडे गेली. मोठी खिडकीपाशी बसून भाऊजींचे सदरे निवडत होती. धाकटीने नोंदींचा कागद तिच्यासमोर ठेवला.

"ताई, मशीन चुकीचा वेळ दाखवत होतं."

"किती चुकीचा?"

"तू निघालीस तेव्हा आत पाऊण तासही नव्हता. ते बारा चारला बंद पडलं."

मोठीने कागद वाचला. मग उठली, पाकिटातून औषधांच्या दुकानाची पावती काढून आणली आणि उजेडात धरली. पावतीवर वेळ छापलेली होती, बारा वाजून सहा.

"म्हणजे हे गेले तेव्हा मी रांगेत होते."

"हो."

"बाकावर नंतर बसले."

"नंतर. तू धावत आली असतीस तरी नसतीस पोचली."

मोठी तिथेच खाली बसली आणि सदऱ्यात तोंड घालून रडली. भाऊजी गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला. इथेच थांबावं असं तिला वाटलं, आणि ते वाटल्याचीच तिला इतकी शरम वाटली की तिने हात काढून घेतला आणि उरलेलं सांगितलं. चिपेचं नाव, तो एक्स, आजोबांनी विचारलेलं आणि आपण दिलेलं उत्तर. एकही गोष्ट तिने गाळली नाही.

मोठीने डोळे पुसले. "तू ते मुद्दाम केलं नाहीस."

"नाही. पण केलं मीच."

"तुला कळलं कधी?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. "अकरा दिवस झाले."

सदरा झटकून मोठीने नीट घडी घातली, कॉलर बोटांनी सारखी केली, आणि मग तितक्याच शांतपणे म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते. त्यांच्याकडूनही व्हायची, तेसुद्धा कबूल करायचे. पण मी रोज तुला फोनवर सांगत होते, मी बसले नसते तर. आणि तू ऐकत होतीस. अकरा दिवस तू मला त्या बाकावर बसवून ठेवलंस."

निघताना मोठी दारापर्यंत आली, जपून जा म्हणाली, नेहमी म्हणायची तसंच. पण दुसऱ्या दिवसापासून चारचा फोन बंद झाला.

घरी येऊन धाकटीने पहिलं काम केलं ते म्हणजे ड्रायव्हरमधून एक्केचाळीस एक्स हे नाव खोडून टाकलं. त्या जागी चार चिपांची चार पूर्ण नावं लिहिली आणि दुरुस्ती पत्रयादीवर पाठवली. ते नाव तिला पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नको होतं. दोन दिवसांनी आजोबांचं उत्तर आलं. त्यांनी आधी भाऊजींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्या वेळी मीच अडून बसायला हवं होतं असंही लिहिलं होतं. मग कामाचं. चार नवी नावं योग्य आहेत, पण जुनं नाव काढता येणार नाही. ज्या यंत्रांत जुन्या तीन चिपा आहेत आणि जी गेली बारा वर्षं बरोबर चालली आहेत, त्यांच्या यादीत तेच नाव आहे. कर्नल बदलतं, पण त्या यंत्रांच्या पोटातली यादी कुणी बदलायला जात नाही. नाव काढलंत तर उद्या नवं कर्नल गेल्यावर त्यांना स्वतःची बॅटरीच दिसणार नाही. त्यातलं एखादं यंत्र कुणाच्या उशाशी असेल.

तिने ते पत्र वाचून संगणक बंद केला आणि दोन दिवस उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिने जुनं नाव पुन्हा लिहिलं. अक्षर न् अक्षर तेच. हे तिच्या हाताला फार जड गेलं. शेजारी सूचना घातली की नव्या यंत्रात हे नाव कुणीही वापरू नये. आणि हे नाव जुळलं, तर ड्रायव्हरने त्यावर विश्वास न ठेवता चिपेलाच तिचा क्रमांक विचारावा, त्याप्रमाणे माप धरावं आणि क्रमांक ओळखीचा नसेल, तर कुठलाच आकडा न दाखवता तक्रार करावी, अशी सोय केली. त्यामुळे ज्या घरांतली यंत्रं कंपनीला सापडली नव्हती, त्यांतही नवं कर्नल पोचलं की आकडा बरोबर होणार होता. दुरुस्ती मंजूर झाली. त्याच फाइलीत थोडं खाली भाऊजींनी सुधारलेला शब्द होता. त्याला तिने हात लावला नाही.

त्यानंतरची नावाडीण ती हीच. तिने पुढच्या वर्षांत शेकडो ड्रायव्हर तपासले. कुणी नावात एक्स घातला की परत. कुणी सोयीसाठी जुनं नाव बदललं की परत. नवी चिप जुनीसारखीच असेल, तर आधी तिचं स्वतःचं नाव लिहा आणि मागे जुनीचं जोडा, म्हणजे आज काम चालेल आणि उद्या वेगळेपण निघालं तर तिला वेगळी काढता येईल, हे ती न कंटाळता प्रत्येकाला समजावायची. लोकांना तो तिचा स्वभाव वाटायचा. मोठीकडे ती वर्षातून तीन-चारदा जायची. मोठी जेवायला वाढायची, तब्येत विचारायची, शाळेतल्या गमती सांगायची. पण पूर्वी जे आतलं बोलणं होतं, ते काही पुन्हा झालं नाही. धाकटीनेही ते मागितलं नाही.

चार वर्षांनी एका सकाळी मोठीचा फोन आला. शाळेतल्या एका बाईंच्या आईला श्वासाचं यंत्र हवं होतं आणि नवं मिळायला महिना लागणार होता. कंपनीने परत मागवलं तेव्हा मोठीने आपलं यंत्र दिलं नव्हतं, कपाटात ठेवलं होतं.

"ते आता नीट झालंय का?" तिने विचारलं. "तू हो म्हणालीस तर देते."

धाकटी म्हणाली, मी येऊन बघते, बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. ती नवी बॅटरी आणि नवं कर्नल घेऊन गेली. दुपारी दोघींनी यंत्र स्टुलावर ठेवून चालू केलं, भिंतीतली पिन काढली आणि समोर खुर्च्या टाकून बसल्या. मोठीने मांडीवर वही घेतली. दर दहा मिनिटांनी ती घड्याळातला वेळ आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहायची. एकदा मोठीने चहा केला, एकदा धाकटीने खिडकी लावली. यंत्र घोरत होतं. तास झाला, दीड झाला. घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलं की पडद्यावरचा आकडा दहानेच उतरत होता.

पंधरा मिनिटं उरली आणि यंत्र वाजायला लागलं. कर्कश, घरभर घुमणारा आवाज होता. जिन्यावर पावलं वाजली, आणि खालची शेजारीण किल्ली हातात घेऊन धापा टाकत दारात उभी राहिली. ती आता बरीच थकली होती. मोठीने तिला बसवलं, पाणी दिलं, काही नाही गं, तपासून बघत होतो म्हणाली. मग यंत्रापाशी जाऊन बटण दाबून तिने आवाज बंद केला आणि तिथेच उभी राहिली.

"हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला," ती म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली. मोठीने वही तिच्याकडे दिली आणि खाली सही करायला सांगितली, त्या बाईंना दाखवायला. धाकटीने सही केली. यंत्र दुसऱ्या दिवशी गेलं.

आता मोठीचा फोन येतो, पण रोज नाही, रविवारी. पाच-सात मिनिटं बोलणं होतं. त्या बाईंची आई कशी आहे ते मोठी सांगते, धाकटी ऐकते, आणि दोघींपैकी कुणीतरी आधी बरं, ठेवते म्हणतं.